कोयती हातात धरायची कशी आणि दाव्यात लिहायची कशी

(वनहक्क शिबिराच्या दुसऱ्या दिवशी सकाळी केलेलं बोलणं. बोललो तसंच उतरवून काढलं आहे. कलमांचे आकडे तेवढे नंतर तपासून घातले.)



काल दिवसभर आपण नकाशे बघितले, फॉर्म बघितले. जेवणानंतर बऱ्याच जणांचे डोळे मिटत होते, मी मागं उभा राहून बघत होतो. तुमचा दोष नाय, तो कागदच तसा आहे. म्हणून आज सकाळी कागद बाजूला आणि ही कोयती मध्ये. कागदाकडं परत यायचंच आहे, कारण या कोयतीचं एक काम कागदावर अडकून पडलंय.

सगळ्यांच्या घरी आहे, तरी आधी नीट बघा. कोयता वेगळा, कोयती वेगळी. कोयता लांब, झुडूप साफ करायचा, राब तोडायचा. कोयती वीतभर पात्याची. मुठीपासून पातं सरळ निघतं, मग पुढं वाकतं आणि चोचीसारखं टोक येतं. धार आतल्या बाजूला, वाकणात. पाठ जाड. आणि सगळं वजन पुढं, चोचीकडं. ही माझी कोयती मी दुकानात तराजूवर टाकून बघितली, मुठीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आसपास भरली. पण हातात घेतली तर जास्त वाटते. पुढं वजन असल्यामुळं असं होतं. हे वजनच आपलं काम करतं. ज्याला हे कळलं त्याचा हात दुखत नाय. ज्याला नाय कळलं तो दिवसभर जोर लावतो आणि रात्री आयोडेक्स मागतो.

आता ही घडवतो लोहार. चांगली कोयती बहुतेक भंगारातल्या ट्रकच्या पाट्याची असते, कमानीत असतो तो पाटा. ते पोलाद चिवट असतं. लोहार पाणी देतो तिथं सगळा खेळ. पाणी जास्त चढलं तर धार कडक होते पण गाठीवर बसली की खपली उडते. कमी पडलं तर धार मुडपते. घेताना धारेवर कानस हलकी फिरवून बघा. कानस अजिबात धरत नसेल, काचेवरून घसरावी तशी घसरत असेल, तर ती फार कडक आहे. सहज खात असेल तर मऊ आहे. जरा धरते, जरा सरकते, अशी घ्या. आठवडी बाजारात रंगवलेल्या मुठीची चकचकीत कोयती मिळते, ती पत्र्याची असते. कांदे कापा तिनं.

मूठ आपली आपण बसवा. धामणीची चांगली. धामण चिवट असते, झटका खाते, फुटत नाय. म्हणून तर कुऱ्हाडीचा दांडा आणि धनुष्यही धामणीचं करत आले. मूठ मागच्या टोकाला थोडी जाड आणि खाली वळलेली पाहिजे, म्हणजे घामेजल्या हातातून निसटत नाय. मुठीला लोखंडी कडं पाहिजेच. कडं सैल झालं तर काम थांबवा. सुटलेलं पातं कुठं जाईल सांगता येत नाय, समोर कोण पोर बसलेलं असेल.

आता धार. कोयतीची धार आत वळलेली आहे, म्हणून सपाट दगडावर तिला धार लागत नाय. सपाट दगड फक्त चोचीला आणि मुठीजवळ घासतो, मधलं वाकण तसंच राहतं. बरेच जण वर्षानुवर्षं असंच करतात आणि म्हणतात कोयती जुनी झाली. नदीतला गोल, लांबट, बारीक कणाचा दगड घ्या, काकडीएवढा. कोयती पायाखाली किंवा ठोकळ्यावर पक्की धरा, दगड ओला करा आणि मुठीकडून चोचीकडं फिरवा. दगड हलवायचा, कोयती नाय. दोन्ही बाजूंनी सारखं. काम झाल्यावर पुसून करंजाचं तेल लावायचं. कोयतीला पावसाळ्यात गंज चढतो तो इथल्या हवेनं, उगाच लोहाराला शिव्या देऊ नका.

आता लाकडाकडं येऊ. कोयतीनं घडवायचं तर लाकूड ओलं असतानाच घडवायचं. सुकलेल्या लाकडाशी भांडू नका. सगळ्याच कामाला सगळं लाकूड चालत नाय हे म्हाताऱ्यांना सांगायची गरज नाय, पण पोरांसाठी सांगतो. डवला, काठवट असलं करायचं तर शिवण. शिवण सुकताना फारशी वाकत नाय, उलत नाय, कोयतीखाली लोण्यासारखी निघते. मुसळाला खैर. मुखवट्याला हलकं पाहिजे, कारण तो डोक्यावर बांधून रात्रभर नाचायचं असतं. पांगारा, सावर. पांगारा तर इतका मऊ की नवीन पोराला वाटतं यात काय आहे. इथंच फसतात. मऊ लाकडाला धार जास्त लागते. बोथट कोयती पांगाऱ्याचे तंतू कापत नाय, चेपते. मग पृष्ठभाग गोधडीच्या कापसासारखा होतो. कडक लाकडात बोथट धार जोरावर चालून जाते, मऊ लाकडात चालत नाय.

पांगाऱ्याची साल काटेरी असते. कोयतीच्या पाठीनं घासून आधी काटे पाडा. मग ओंडका उभा करून मधोमध फोडायचा. कोयती टोकावर ठेवायची आणि तिच्या पाठीवर लाकडी मोगरीनं ठोकायचं. लोखंडी हातोडीनं ठोकू नका, पाठ पसरते आणि पोलादाची कपची उडून डोळ्यात जाऊ शकते. ओंडका फोडताना मधला गाभा, ती जी कणसाच्या दांड्यासारखी मऊ नळी असते, ती दोन फाळक्यांत वाटली जाते. तेवढी तासून काढून टाका. चीर तिथूनच सुरू होते. अख्ख्या ओंडक्यातून कोरलेला देव चैत्रात फाटतो तो देवाचा कोप नसतो, गाभा आत राहिलेला असतो.

आता बसायचं कसं. जमिनीवर मांडी घालून नाय. एक पाय दुमडून, एक बाहेर, आणि समोर ठोकळा. ठोकळा गुडघ्याच्या खाली. लाकूड ठोकळ्यावर उभं ठेवायचं, डावा हात वरच्या टोकाला. कोयती पडणार ती डाव्या हाताच्या खाली, आणि घसरली तर ठोकळ्यात रुतणार. हा सगळा ठोकळ्याचा उपयोग. मांडीवर लाकूड ठेवून तासणारे खूप आहेत, मी त्यांच्या मांडीवरचे व्रणही बघितलेत. आणि मोहाची पिऊन कोयती उचलायची नाय. हसू नका, खरं सांगतोय.

हात खांद्यातून हलला पाहिजे. मनगट सैल ठेवायचं, कोयती पडायच्या क्षणी फक्त घट्ट. तिला पडू द्यायचं. आणि सरळ खाली मारायचं नाय, पडताना जरा आपल्याकडं ओढत आणायची, म्हणजे वाकणातली धार लाकडावरून सरकते आणि कापते. गवत कापताना विळा ओढता तसंच, पण छोटं. वाकणाचा दुसरा फायदा असा की गोल लाकूड त्यात धरून राहतं, सरळ सुरी घसरते तशी कोयती घसरत नाय.

सगळ्यात मोठी गोष्ट एकच सांगतो. जाडीकडून बारीककडं कापायचं. पाणी डोंगरावरून उतरतं, चढत नाय, तसं. आता डवल्याचं बघा. वाटीची बाजू जाड, मान बारीक. वाटीकडून मानेकडं उतरायचं. मानेत पोचलं की थांबायचं. मग लाकूड उलटं करून दांड्याकडून परत मानेकडं उतरायचं. दोन्ही डोंगर, मध्ये नाला. कोणी मानेतून वाटीकडं कापत गेला तर धार तंतूंच्या खाली शिरते, आणि एका झटक्यात अर्धी वाटी हातात येते. त्यानंतर तो डवला नसतो, चूल पेटवायची काडी असते.

मानेत थांबायचं म्हणालो, पण कोयती थांबत नाय, तिला वजन आहे. म्हणून आधी आडवा छेद द्यायचा. मानेच्या जागी तंतूंच्या आडवं कापून खाच पाडायची, सगळीकडून सारखी खोल. मग वरून ढलपी काढत यायचं. ढलपी त्या खाचेपाशी येते आणि आपोआप तुटून पडते. पुढं फाटत जात नाय. मुखवट्याचं नाकही असंच. नाकाच्या खाली आडवी खाच, डोळ्यांच्या वर आडवी खाच, मग गाल उतरवायचे. नाक कोरत नाय कोणी. आजूबाजूचं काढून टाकलं की नाक राहतं.

जाडं काम झालं की हात पुढं सरकवायचा. मूठ अर्धी सोडून कडं तळहातात घ्यायचं, अंगठा किंवा पहिलं बोट पात्याच्या पाठीवर. आता वजन हाताच्या आत आलं, कोयती सुरीसारखी झाली. आता मारायचं नाय, सरकवायचं. कागदाएवढी पातळ साल निघाली पाहिजे. डोळ्याचा कोपरा, ओठाची रेघ हे चोचीनं. चोच लाकडात रुतवून पिळू नका, मोडते. थोडं थोडं उचला.

एक खरं सांगून ठेवतो. मुखवट्याची आतली पोकळी, काठवटीचं पोट हे कोयतीनं होत नाय. त्याला वाकस पाहिजे, पटाशी पाहिजे. तारप्याच्या बांबूला भोक पाडायला तापलेली सळई. कोयतीनं सगळं होतं असं सांगणारा माणूस स्वतः काही घडवत नाय असं समजा.

घडवून झालं की बोटभर जाडी जास्त ठेवून सावलीत ठेवायचं, दोन्ही टोकांना शेण फासून, भाताच्या तुसात पुरून. टोकाकडून पाणी लवकर उडतं, तिथंच चिरा पडतात, शेण ते पाणी हळू सोडतं. उन्हात ठेवाल तर संध्याकाळपर्यंत फुटेल. तीनचार आठवड्यांनी परत काढून शेवटचा हात फिरवायचा.

आता तुम्ही म्हणाल, वनहक्काच्या शिबिरात हे कशाला. आपल्या संघटनेतलेही काही जण म्हणतात, आधी जमीन, मग नाचगाणं. मला ते पटत नाय. मी कारण सांगतो.

माझ्या आजाची कोयती एका गार्डानं नेली. आजा बोहाड्याला लागणारा मुखवटा करत होता, जुना उधईनं खाल्ला होता. त्यानं जंगलातून पांगाऱ्याची मनगटाहून जाड एक फांदी आणली होती. झाड तसंच उभं होतं. गार्डानं फांदी घेतली, कोयती घेतली, आणि गेला. पंचनामा नाय, पावती नाय, गुन्हाही नाय नोंदवला. आजा आणायला गेला नाय. म्हणाला, परत मागायला गेलो तर केस करतील. त्या वर्षी ते सोंग दुसऱ्या गावच्या मुखवट्यावर भागवलं. पुढच्याही वर्षी. नवीन कोयती आणून दिली तर त्यानं ती आकडीत अडकवली आणि लाकडं फोडायला वापरली, मुखवट्याला हात लावला नाय. मी त्याच्याजवळ बसून शिकत होतो तेही तिथंच थांबलं. पुढचं मला दुसऱ्या गावच्या म्हाताऱ्यांकडून शिकावं लागलं.

म्हणजे एका कोयतीबरोबर काय काय गेलं ते मोजा. आणि असं फक्त आमच्याकडं झालं असेल असं मला वाटत नाय. इथं हात वर करा, कोणाकोणाची कोयती, कुऱ्हाड नेली? बघा.

(बरेच हात वर झाले. बायांचे जास्त.)

आता कायदा काय म्हणतो. १९२७ चा भारतीय वन कायदा, तोच इंग्रजांचा. त्याच्या कलम ५२ मध्ये वनगुन्ह्यात वापरलेली हत्यारं जप्त करायचा अधिकार वनअधिकाऱ्याला आणि पोलिसाला आहे. हे खोटं नाय. पण त्याच कलमात पुढं आहे की जप्त केलेल्या मालावर खूण करायची आणि जप्तीचा अहवाल शक्य तितक्या लवकर मॅजिस्ट्रेटला द्यायचा. म्हणजे जप्ती ही लिहिलेली गोष्ट आहे. कोयती उचलून जीपमध्ये टाकली आणि नंतर ती कोणाच्या तरी घरी नारळ फोडते, ही जप्ती नव्हे.

म्हणून कोणी कोयती मागितली तर असं करा. पळू नका. कोयती हातात धरून बोलू नका, जमिनीवर ठेवा आणि दोन पावलं मागं या. हातात कोयती असलेल्या आदिवासीचा फोटो काढला की गोष्ट भलतीकडं जाते. मग विचारा, साहेब तुमचं नाव काय, कुठल्या कलमाखाली, पंचनामा करा, प्रत द्या. आजूबाजूला असतील त्यांना बोलवा. कोऱ्या कागदावर अंगठा देऊ नका. पावती नाय दिली तर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, काय नेलं, समोर कोण होतं हे लिहून काढा आणि ग्रामसभेच्या नावानं रेंज ऑफिसला अर्ज द्या, पोच घ्या. लिहिता येत नसेल तर शाळेतल्या पोराकडून लिहून घ्या, आपली पोरं तेवढ्यासाठी तर शिकतायत.

जाता जाता पोलिसांचंही सांगतो. आपण कमरेला आकडी बांधून कोयती लावतो, बाजारातही तसेच जातो. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या व्याख्येत फक्त घरकामाला किंवा शेतीला बनवलेल्या वस्तू शस्त्रात धरलेल्या नाहीत. तरी शहरात जाताना, एसटीत बसताना पातं गोणपाटात गुंडाळा. आणि मोर्चाला कोयती आणायची नाय. कितीही सवय असली तरी.

आता कागद. वनहक्क कायदा २००६ चा, ३१ डिसेंबर २००७ पासून लागू. आपले प्लॉटचे दावे आपण भरले, त्यात सगळा जीव अडकला, ते बरोबरच आहे. पण सामूहिक दाव्याचे फॉर्म मी आठनऊ गावांचे वाचले. त्यात काय लिहिलंय? जळाऊ लाकूड, मोहफुलं, मध, कंद, डिंक, गुरं चारणं. झालं. मुखवट्याचं लाकूड कुठंच नाय. नांगर, जू, मुसळ, डवला, कोयतीची मूठ, वाघ्याचा खांब, यातलं काही नाय. आपण रोज जे आणतो तेच लिहायला विसरलो, कारण ते इतकं आपलं आहे की हक्क म्हणून सुचलंच नाय.

इथं एक अडचण आहे, ती समजून घ्या. कायद्यात गौण वनोपज म्हणून जी व्याख्या आहे, कलम २ (झ) म्हणून मराठी पुस्तिकेत असेल, इंग्रजीत ‘आय’, त्यात बांबू आहे, वेत आहे, काटक्याकुटक्या आहेत, झाडाचे बुंधे आहेत, मध, मेण, लाख, तेंदूपान, औषधी, कंद आहेत. इमारती लाकूड नाय. म्हणजे तारप्याचा बांबू आणि मेण त्यात बसतं. टोपलीचा बांबू बसतो. तोडलेल्या झाडाच्या राहिलेल्या बुंध्यातून कोरलेली काठवट बसते. पण पांगाऱ्याचा ओंडका, शिवणीचा तुकडा तिथं लिहिला तर फॉर्म परत येईल.

मग तो लिहायचा कुठं? कलम ३ (१) मध्ये निस्तार हक्क आहे, इंग्रजी अक्षर ‘बी’. निस्तार म्हणजे घरसंसारासाठी जंगलातून जे आणतो ते. नाव काहीही असो, असं कायद्यातच लिहिलंय. आणि पुढं लिहिलंय, पूर्वीच्या संस्थानांत वापरात असलेले हक्क धरून. जव्हारच्या गावांनी नीट ऐका. जव्हार हे संस्थान होतं, १९४८ मध्ये विलीन झालं. संस्थानाच्या वेळी आपले आजेपणजे नांगराला, घराला, देवाला लाकूड आणत होते की नाय? आणत होते. तर ते म्हाताऱ्यांनी सांगायचं आणि आपण लिहून घ्यायचं. मोखाड्याकडची, इंग्रजांच्या हद्दीतली गावंही निस्तारातच लिहू शकतात, फक्त संस्थानाचं वाक्य घालू नका.

आणखी एक कलम आहे ज्याच्याकडं कोणी बघत नाय, ३ (१) ‘के’. जैवविविधता आणि सांस्कृतिक विविधता यांच्याशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर समाजाचा हक्क. शब्द जड आहेत. आपल्या भाषेत, कोणतं लाकूड कशाला, कधी तोडायचं, मुखवटा कसा घडवायचा, वाघ्याच्या फळीवर सूर्य-चंद्र कुठं काढायचे, हे जे माहीत आहे ते. हेही दाव्यात लिहा.

पुरावा काय लावायचा असं विचारतात. नियम १३ वाचा. दावेदार सोडून इतर वडीलधाऱ्यांचं लेखी निवेदन हा पुरावा आहे. देवराया, पवित्र झाडं, जुनी दफनभूमी, स्मशानं हाही पुरावा आहे. दोन पुरावे लागतात. तर आपल्या गावात वाघ्याचा लाकडी खांब जंगलाच्या कडेला उभा असेल तर समितीनं तिथं जायचं, जागेची नोंद करायची, फोटो काढायचा, आणि तो कोणी घडवला, लाकूड कुठून आणलं हे म्हाताऱ्या माणसाकडून लिहून घ्यायचं. ज्या खांबासमोर आपण वाघबारशीला कोंबडं देतो तोच आपला पुरावा. जुने मुखवटे घरात टांगलेले असतील तर त्यांचेही फोटो जोडा. आणि शहरातून कोणी जुना मुखवटा विकत मागायला आला तर देऊ नका. हजार-दोन हजार दिसतात, पण पुरावाही गेला आणि सोंगही गेलं.

लिहायचं कसं, हे मी एका गावासाठी केलं ते वाचून दाखवतो. “आमच्या गावातील लोक शेतीची औजारं, औजारांच्या मुठी, घरातील लाकडी भांडी, वाद्यं, बोहाड्याचे मुखवटे व वाघ्याचे खांब यांसाठी लागणारं लाकूड खालील जंगलातून पूर्वापार आणतात व कोयती, कुऱ्हाड, वाकस या हत्यारांनी घडवतात.” त्याखाली जंगलाची गावठी नावं लिहायची. कंपार्टमेंट नंबर खात्याचा, नाव आपलं, दोन्ही लिहा. हत्यारांची नावं मी मुद्दाम घातलीत. एकदा दावा मंजूर झाला की कोयती घेऊन जंगलात जाणारा माणूस चोर कसा, हे मग त्यांनी सांगावं.

कोणाच्या मनात चुकीचं यायला नको म्हणून सांगतो. निस्तार म्हणजे लाकूड तोडून विकायचा परवाना नव्हे. आणि आपल्या बांधावरची साग, खैर, मोह ही झाडंही १९६४ च्या वृक्षतोड कायद्यामुळं परवानगीशिवाय तोडता येत नाहीत. ठेकेदार येऊन सांगेल तुझ्या नावावर काढू, तर त्याला हाकला.

गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं उदाहरण आहे. त्यांना सामूहिक हक्क २००९ ला मिळाला. तरी खातं बांबू हे लाकूडच आहे म्हणून वाहतुकीचा परवाना देत नव्हतं. शेवटी २७ एप्रिल २०११ ला त्या वेळचे केंद्राचे वनमंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हातात दिलं. कायद्यात बांबू स्पष्ट लिहिलेला असताना एवढं लढावं लागलं. आपल्या मुखवट्याच्या लाकडाचं तर नावही लिहिलेलं नाय. तेव्हा सोपं आहे असं मी म्हणणार नाय.

हक्क मागायचा तर जंगल राखायचं कामही आपलंच, कलम ५ मध्ये तो अधिकार ग्रामसभेला दिलाय. ते कोयतीपासूनच सुरू करता येतं. उभं झाड तोडायचं नाय, फांदी घ्यायची. फांदी घेताना आधी खालून छेद, मग वरून, म्हणजे झाडाची साल फाटत नाय. शिवण, धामण वर्षात किती घ्यायची ते ग्रामसभेनं ठरवावं. आणि पांगाऱ्याचं तर फार सोपं. तोडलेल्या फांदीचा हातभर खुंट पावसाच्या तोंडावर कुंपणाला रोवला तर तो धरतो. प्रत्येक घरानं चार खुंट रोवले तर काही वर्षांनी मुखवट्यासाठी जंगलात जायची गरजच पडायची नाय. हक्क तरीही लिहायचा. गरज नसली म्हणून हक्क सोडत नाय कोणी.

एक शेवटची गोष्ट बायांसाठी. हात वर केले तेव्हा बायांचे जास्त होते. कोयती सगळ्यात जास्त वापरते बाई. लाकडं, पाला, गवत, सगळं. पण घडवायला बसवतात फक्त पोरांना. देवाचा मुखवटा कोणी करायचा ते गावानं ठरवावं, त्यात मी पडत नाय. पण डवला, काठवट, मूठ करायला बाईला कोणी अडवलंय? वडीलधाऱ्यांची निवेदनं घ्याल तेव्हा आज्यांचीही घ्या. कोणतं लाकूड कुठल्या ओहोळाला मिळतं हे त्यांना आपल्यापेक्षा जास्त माहीत आहे.

आता उठा. मागच्या पडवीत शिवणीचे अकरा तुकडे ठेवलेत, कालच आणलेत, ओले आहेत. एका तुकड्यावर तीन जण. दोघांमध्ये हाताच्या अंतराची जागा सोडा, लहान पोरं पडवीच्या बाहेर. आज फक्त मानेची आडवी खाच आणि दोन्ही बाजूंनी उतार, त्याच्या पुढं कोणी जायचं नाय. तोवर समितीची माणसं इथंच थांबतील, प्रत्येक गावानं आपापला फॉर्म काढा आणि निस्ताराच्या रकान्यात काय लिहिलंय ते मला दाखवा. दुपारच्या जेवणाआधी सगळे बघून होतील.